कुत्रा चावला, दाद कोठे मागावी?

रस्त्यावरील कुत्र्यांचे काय करावे, या प्रश्नावर आपल्या शहरांतून गेल्या काही वर्षांत जितकी शाई आणि जितका घसा खर्ची पडला, तितका फारच थोड्या नागरी प्रश्नांवर पडला असेल. एका पक्षाचे म्हणणे, कुत्री समूळ काढून टाका. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, त्या मुक्या जीवांस हात लावाल तर खबरदार. दोन्ही पक्षांत विद्वान आहेत, वकील आहेत, सभा गाजविणारे वक्ते आहेत. परंतु या रणधुमाळीत ज्याच्या पोटरीचा लचका तुटला तो मनुष्य कोठे आहे, याची विचारपूस करण्यास कोणास सवड झालेली दिसत नाही. कुत्र्यांचे काय करावे हा वाद आणखी पुष्कळ दिवस चालेल, व तो खुशाल चालो. पण चावलेल्या मनुष्याचे देणे कोणी द्यावे, हा त्याहून निराळा आणि आमच्या मते अधिक निकडीचा प्रश्न आहे. आज आम्ही तेवढ्याचाच विचार करणार आहोत.

मध्यवर्ती सरकारने संसदेपुढे ठेवलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात देशात कुत्रे चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, आणि त्यांपैकी ४ लाख ८५ हजारांच्या घरातील घटना एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. त्याच वर्षी रेबीजने दगावल्याचा संशय असलेली माणसे ५४. हा शेवटचा आकडा पाहून कित्येक अधिकारी समाधानाचा सुस्कारा टाकतील. परंतु नुकसान मोजण्याचे माप मृत्यू हे एकच आहे काय? बाजारपेठेतील एखाद्या हमालाचे उदाहरण घ्या. पहाटे गाडी खाली करण्यास जाताना कुत्र्याने त्याचा पाय फोडला. त्याने पहिल्या दिवशी लस टोचून घ्यावयाची, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहावयाचे. कातडीत टोचण्याची पद्धत असेल तर एक फेरी वाचते इतकेच. प्रत्येक फेरीस अर्धा दिवस गेला, म्हणजे त्याची त्या दिवसाची मजुरी गेली. पाय सुजला असेल तर आठवडाभर पाठीवर पोते घेता येत नाही. आणि रक्त निघण्याइतकी जखम असेल तर नुसत्या लसीने भागत नाही. जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन नावाचे द्रव्य टोचावे लागते. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळावयाचे. पण "साठा संपला आहे, बाहेरून आणा" हे वाक्य तेथील भिंतींसही पाठ झाले असेल. सरकारी आणि खाजगी अशा सर्व रुग्णालयांनी लस व इम्युनोग्लोब्युलिन यांचा साठा सदोदित ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयास ७ नोव्हेंबर २०२५ रोजी हुकूम काढून सांगावे लागले, यावरूनच स्थिती काय होती हे उघड आहे.

ओघात एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जखमेवर तिखट दाबणे, चुना भरणे, हळद बांधणे हे प्रकार शिकलेल्या घरांतूनही अद्याप चालू आहेत. पास्तर याने १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लस माणसास प्रथम टोचली; १९०० साली हिमालयातील कसौली येथे तिच्यासाठी संस्था निघाली, आणि लोक आगगाडीने शेकडो कोस प्रवास करून तेथे जाऊ लागले. आज तीच लस गावोगावच्या दवाखान्यात आली असता आम्ही मात्र तिखटाचा डबा शोधतो! साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुणे हा पहिला उपचार, आणि त्यास दमडी लागत नाही. पोटात चौदा सुया टोचतात ही भीतीही आता जुनी झाली. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस या देशात बंद होऊन वीस वर्षे उलटली. हल्लीची लस दंडात घेतात.

आता कायद्याकडे वळू. कुत्रा पाळलेला असेल तर मार्ग बराच सरळ आहे, निदान कागदावर तरी. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवास धोका किंवा जबर दुखापत संभवत असता पुरेशी खबरदारी न घेणे हा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेच्या २८९ व्या कलमात तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात तो कायम आहे. शिक्षा सहा महिनेपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडाची मर्यादा मात्र एक हजारावरून पाच हजारांवर गेली आहे. हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे पोलीस ठाण्यावरील अंमलदाराने "आपसात मिटवा" असा उपदेश करून फिर्यादीस परत पाठवावयाचे नाही, तर फिर्याद नोंदवून घ्यावयाची आहे. शिवाय आरोपीस दोषी ठरविताना जखमी मनुष्यास नुकसानभरपाई देवविण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९५ व्या कलमाने कोर्टास दिलेला आहे. हा अधिकार वापरावा अशी विनंती फिर्यादीने आपण होऊन करावयास हवी; मागितल्यावाचून कोणी देत नाही. याखेरीज दिवाणी कोर्टात नुकसानीचा दावा लावण्याचा मार्ग स्वतंत्रपणे उघडा आहेच, व त्यास साधारणतः तीन वर्षांची मुदत आहे. त्या दाव्यात मालकाची हयगय दाखवावी लागते, अथवा कुत्रा चावरा आहे हे त्यास ठाऊक होते असे सिद्ध करावे लागते. दारावर "कुत्र्यापासून सावध राहा" अशी पाटी लावली की आपण सुटलो, असा पुष्कळ सभ्य गृहस्थांचा समज आहे. त्यांनी लक्षात ठेवावे की ती पाटी प्रसंगी त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून पुढे येऊ शकेल. कारण धोका माहीत नव्हता असे म्हणण्यास मग तोंड उरत नाही. कुत्र्यास मुद्दाम डिवचणाऱ्यास किंवा चोरून आवारात शिरणाऱ्यास अर्थातच ही सवलत मिळणार नाही.

आमच्या व्यापारी बंधूंनीही येथे थोडे आत्मपरीक्षण करावे. वखारीच्या राखणीस ठेवलेला, रात्री मोकळा सोडलेला कुत्रा चावला, म्हणजे तो "रस्त्याचाच आहे हो" असे सांगून हात झटकण्याची रीत सर्रास आहे. राखणीच्या वेळी तुमचा आणि चावल्यावर गावाचा, हा हिशेब कोणत्या चोपडीत बसतो? आणि चावलेला मनुष्य तुमचाच नोकर असून कामावर असता, कामाच्या ओघातच चावला गेला असेल, व तीन दिवसांहून अधिक काळ कामास नालायक झाला असेल, तर कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचा प्रश्नही उपस्थित होतो, हे विसरू नये.

हे सर्व कागदावर. प्रत्यक्षात काय घडते? २०१० साली मुंबईत एका वृद्ध गृहस्थास पाळीव कुत्रा चावला. मालकास तीन महिन्यांची शिक्षा झाली ती २०२३ साली. मध्ये तब्बल तेरा वर्षे गेली! खटला चालविणारे लोक सुस्थितीतील होते म्हणून तो इतका काळ टिकला. हमालाच्या अंगी तेरा वर्षांचे बळ कोठून येणार? तो पाचशे रुपये घेतो आणि घरी जातो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपल्याकडे शहाणपण म्हणून सांगतात. वस्तुतः ती गरिबाच्या हक्कावर घातलेली पाटी आहे.

आणि तरीही पाळीव कुत्र्याच्या बाबतीत निदान समोर एक मनुष्य उभा करता येतो. ज्यास मालक नाही अशा कुत्र्याचे काय? खरा प्रश्न येथून पुढे आहे. चावे घेणाऱ्या अशा कुत्र्याचा कोणी धनी नाही, म्हणून त्याच्या चाव्यासही कोणी जबाबदार नाही, हे तर्कशास्त्र आमच्या नगरसंस्थांनी इतकी वर्षे चालविले आहे, व ते साफ खोटे आहे असे आमचे मत आहे.

कुत्र्यांचा बंदोबस्त ही आपल्याकडे सरकारने फार पूर्वीच पत्करलेली गोष्ट आहे. कंपनी सरकारच्या अमलात मुंबईत कुत्र्यामागे बक्षीस देऊन ती मारविण्यात येत असत. बक्षिसाच्या लोभाने होणारा तो संहार असह्य होऊन १८३२ च्या जून महिन्यात पारशी समाज खवळला, इतर जातींचे लोकही त्यास मिळाले, बाजार बंद पडला आणि फौज बोलवावी लागली. याच वर्षाच्या आरंभी त्याच शहरात बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले होते. कुत्र्यांचा वाद मराठी वृत्तपत्राच्या बरोबरीने वाढला म्हणावयास हरकत नाही. पुढे मारण्याने संख्या हटत नाही असा अनुभव ठिकठिकाणी आला, आणि १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली नियम झाले: कुत्री पकडावी, त्यांचे निर्बीजीकरण करावे, लस टोचावी आणि होती तेथे सोडावी. त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेली व आक्रमक कुत्री सोडू नयेत असे सांगितले. पुढे नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, क्रीडांगणे, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून पकडलेली कुत्री पुन्हा तेथे सोडू नयेत असा हुकूम झाला. या धोरणाविषयी वाचकांचे मत काहीही असो. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, या साऱ्या नियमांत पकडण्याचे, टोचण्याचे आणि हिशेब ठेवण्याचे काम महानगरपालिका, नगरपालिका व ग्रामपंचायती यांच्याच गळ्यात बांधलेले आहे. नागरिकाने स्वतः कुत्रा मारू नये, हलवू नये, असे कायदा त्यास बजावतो. त्याचे हात कायद्याने बांधले, तर त्याच्या रक्षणाचा भार ज्याने बांधले त्याने उचलला पाहिजे, आणि तो उचलला नाही तर नुकसान भरून दिले पाहिजे. यात भूतदयेचा संबंध येतो कोठे?

"पैसा नाही" हे नगरसंस्थांचे ठरलेले उत्तर. त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात लावलेला आहे. गटारे बांधण्यास पैसा नाही ही सबब न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ऐकून घेतली नाही. नागरिकांच्या आरोग्याचे वैधानिक कर्तव्य तिजोरीकडे बोट दाखवून टाळता येत नाही, असे त्यांनी ठरविले. पुढे १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग सरकारकडून झाला असता रिट अर्जावरही नुकसानभरपाई देवविता येते. दिवाणी दाव्याची वाट पाहावी लागत नाही.

या तत्त्वांचा उपयोग इतर प्रांतांनी केलेला आहे. केरळातील चाव्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली, आणि साध्या अर्जावर सामान्य लोकांस भरपाईच्या शिफारशी मिळू लागल्या. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात १९३ अर्जांचा एकदम निकाल करून दरच ठरवून टाकला: दाताच्या प्रत्येक खुणेस किमान दहा हजार रुपये, आणि मांस तुटले असल्यास जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरास किमान वीस हजार. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या समितीने चार महिन्यांत निर्णय द्यावयाचा. पैसे प्रथम सरकारने द्यावयाचे आणि कसूर करणाऱ्या संस्थेकडून किंवा मालकाकडून मागाहून वसूल करावयाचे. दातांच्या खुणा मोजीत बसलेला कारकून डोळ्यांपुढे आणला म्हणजे हसू येते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्यास आजवर काहीच मिळत नव्हते त्यास मोजून तरी मिळू लागले, आणि भरपाई ही मेहेरबानी नसून हिशेबाची रक्कम आहे हे ठरले. हा फरक लहान नव्हे.

आता महाराष्ट्राकडे पाहा. वाघ-बिबट्यादी वन्य प्राण्यांकडून होणाऱ्या हानीच्या भरपाईसाठी आमच्या विधिमंडळाने २०२३ साली खास कायदा केला. बिबट्याने मनुष्य मारला तर त्याच्या वारसांस २५ लाख रुपये मिळतात. जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे रक्कम मिळते. तद्वत् १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यावरील खड्डे व उघडी गटारद्वारे यांच्याविषयी निकाल देऊन मृताच्या वारसांस सहा लाख, आणि जखमीस ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई ठरवून दिली. ती कसूर करणारे ठेकेदार व अधिकारी यांच्याकडून वसूल व्हावी असेही सांगितले. म्हणजे जुन्नरच्या उसात बिबट्याने गाठले तर दर ठरलेला आहे, पुण्याच्या रस्त्यावर खड्ड्यात पाय मोडला तर दर ठरलेला आहे. आणि त्याच खड्ड्याशेजारी नगरपालिकेच्या नोंदीतील कुत्र्याने लचका तोडला तर विधिमंडळाचा कायदा नाही, दरपत्रक नाही, वकील करा आणि वर्षे मोजा! बिबट्या जंगलात जन्मतो, त्यावर सरकारचा ताबा तो किती. कुत्र्याची पैदास तर नगरपालिकेने न उचललेल्या उकिरड्यावर होते. जबाबदारी कोणत्या ठिकाणी अधिक, हे सांगण्यास न्यायाधीश लागत नाही.

खोटे अर्ज येतील, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. येतीलही. म्हणून खरे अर्ज घ्यावयाचे नाहीत काय? दवाखान्याची नोंद, लसीचे कार्ड आणि शेजारच्या दोघांची साक्ष एवढ्यावर खऱ्या-खोट्याची निवड करणे जमत नसेल, तर मग पीक विमा, आग विमा आणि अपघात विमा ही सर्व दुकाने बंद करावी लागतील. दुसरा आक्षेप प्राणिमित्रांचा: भरपाई सुरू झाली की नगरसंस्था चिडून कुत्र्यांवर सूड उगवतील. आम्हांस उलट वाटते. प्रत्येक चाव्यास रोख रक्कम मोजावी लागली म्हणजे निर्बीजीकरणाचे जे काम आज केवळ अहवालात होते ते प्रत्यक्षात होऊ लागेल. कारण नगरसंस्थेस दयेपेक्षा जमाखर्चाची भाषा लवकर कळते. खऱ्या प्राणिमित्राने या मागणीच्या अग्रभागी उभे राहावयास हवे. आणि जे सद्गृहस्थ रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी बिस्किटांचे पुडे उलटून पुण्य जोडतात, त्यांनी २०२३ चेच नियम वाचावे: खाऊ घालण्याची जागा जिने, येण्याजाण्याच्या वाटा व मुलांची क्रीडांगणे यांपासून दूर ठरवून घ्यावयाची आहे. खाटिकखाना, खानावळ आणि लग्नकार्यालय यांच्या मागे उष्ट्याचे ढीग टाकणाऱ्यांस तर पुण्याची सबबही नाही.

दरपत्रक होईपर्यंत जखमी मनुष्याने काय करावे, हे थोडक्यात सांगणे आमचे कर्तव्य आहे. जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा व केसपेपरावर तारीख, वेळ, जागा आणि चावणारे जनावर यांची नोंद स्पष्ट करून घ्यावी. "श्वानदंश" एवढेच लिहून घेऊन परतू नये. जखमेची छायाचित्रे काढावी, औषधांची बिले, रिक्षाभाड्याच्या चिठ्ठ्या, मुकादमाकडून बुडालेल्या रोजाचा दाखला ठेवावा. कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस त्यावर नजर ठेवावी, मात्र त्यासाठी लस थांबवू नये. नगरसंस्थेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी, आणि पूर्वी त्याच जागी कोणी तक्रार केली असल्यास तिची नक्कल माहितीच्या अधिकाराखाली मागावी. धोका कळवूनही काही केले नाही, हे दाखविणारा याहून बळकट कागद नाही. महानगरपालिकेवर दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन एक महिना थांबावे लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो, असे या प्रांतातील महानगरपालिका कायद्यांत सांगितलेले आहे. ही मुदत नेमकी कोणत्या दाव्यास लागू होते यावर वकील वाद घालतील. सावध मनुष्याने ती आपणास लागू आहे असे धरूनच चालावे. पुष्कळ खरे दावे येथेच मरतात. वकिलास देण्यास पैसे नसतील तर जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जातिजमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांस तेथे फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, व अल्प उत्पन्नाच्या इतरांसही तो आहे.

परंतु हे मार्ग धडपड्या मनुष्याचे आहेत, आणि चावा धडपड्यासच होतो असे नाही. यास्तव आमची मागणी विधिमंडळाकडे आणि नगरसंस्थांकडे एकाच वेळी आहे. खड्ड्यांसाठी जशी समिती नेमण्यात आली तशीच, विधिसेवा प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यासह, श्वानदंशासाठी नेमावी. अर्ज एका पानाचा असावा आणि तो दवाखान्यातच भरून घेतला जावा. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी आणि जखमेची रक्कम यांचे दर जाहीर असावे. साठ दिवसांत पैसे हाती पडावे. पाळीव कुत्रा असल्यास ते मालकाकडून वसूल व्हावे. आणि प्रत्येक महानगरपालिकेच्या व नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात निर्बीजीकरणाच्या खर्चालगत श्वानदंश भरपाईचे स्वतंत्र सदर उघडावे, म्हणजे एका रकमेत केलेली कसर दुसऱ्या रकमेत कशी फुगते हे सर्वांस दिसेल. येत्या अंदाजपत्रकात असे सदर येणार की नाही, हे आमच्या वाचकांनी आपापल्या नगरसेवकास आताच लेखी विचारावे आणि त्याचे उत्तरही लेखीच घ्यावे.